रिटर्नचा रविवार

"आजोबा, तुमच्यानंतर कर्ता कोण?"

तोंड माझं होतं, पण प्रश्न सलोनी आणि मितालीचा. शुक्रवारी अकाउंट्सच्या तासाला मॅम हिंदू अविभक्त कुटुंब शिकवत होत्या. एचयूएफ, मतलब घर हीच एक करदाती व्यक्ती, तिचं पॅन वेगळं, रिटर्न वेगळं, आणि तिच्या वतीनं सही करणारा तो कर्ता. "किसी के घर में है?" असं त्यांनी विचारलं आणि अख्ख्या वर्गात एकटा माझा हात वर गेला. मधल्या सुट्टीत मिताली म्हणाली, "दादाजी के बाद कौन बनेगा? पूछ के दिखा." सलोनी हसली. "नहीं पूछेगी. घर पे इसकी आवाज़ ही नहीं निकलती."

मागच्या वर्षीपर्यंत ते खरं होतं. पण जूनमध्ये मला अठरा पूर्ण झाली होती, जुलैत मी शाळेच्या वादविवादात मुलांच्या अख्ख्या टीमला गप्प बसवलं होतं, आणि आता आवाज निघत नाही असं म्हणणाऱ्याला मी मुद्दाम काढून दाखवत होते.

फक्त हे पंगतीत, आंब्यांच्या शेवटच्या पेटीच्या मुहूर्तावर, ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला 'तुमच्यानंतर' असं ऐकू जाईल, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आजीचा वाढायचा डाव हवेत थांबला. "शुभ बोल गं वल्ले. जेवतायत ते."

"आजी, मी टॅक्सचं विचारतेय."

"टॅक्सचंही शुभच बोलावं."

आई स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभी होती. तिनं बाबांकडे पाहिलं, बाबांनी वाटीत पाहिलं. प्रतिमाआत्यानं माझ्या ताटात न मागता पुरी टाकली. आत्याच्या भाषेत याचा अर्थ, तोंड बंद ठेव.

आणि आजोबा हसले. वसंतराव मोघे फारसे हसत नाहीत. त्यांची सगळी नोकरी विम्यात गेली, दुसऱ्यांच्या 'नंतर'चाच हिशेब करण्यात, त्यामुळे त्या शब्दाला या घरात ते एकटेच घाबरत नसावेत.

"बरं झालं विचारलंस. मी जेवण झाल्यावर सांगणारच होतो. घराच्या रिटर्नवर यंदाची सही माझी शेवटची. पुढच्या वर्षीपासून दुसऱ्यानं करायची."

"अप्पा, तब्येतीचं काही?" बाबांनी विचारलं.

"तब्येत ठणठणीत आहे. पण सही आता हातानं राहिली आहे कुठे? फोनवर आकडे येतात, ते स्क्रीनवरच्या चौकटीत भरायचे. आकडे येतात तेव्हा चष्मा नसतो, चष्मा सापडतो तेव्हा आकड्यांची मुदत संपलेली असते. मागच्या खेपेला पाचव्यांदा जमलं. प्रतिमानं एका शब्दानं काही म्हटलं नाही, पण तिचा चेहरा मला दिसला."

"मी काही चेहरा केला नव्हता," आत्या म्हणाली.

"केला नव्हतास. म्हणूनच दिसला."

रिटर्नचा रविवार आमच्याकडे एखाद्या सणासारखा असतो. जुलैच्या अखेरीचा एक रविवार आजोबा ठरवतात. जयपूरमधल्याच राजा पार्कहून आत्या येते, येताना घेवरची मिठाई आणते. माहेरवाशीण म्हणून तिला त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाहीत. ताट उचलायला वाकली तरी आजी ओरडते. आणि मग दुपारी तिला खुर्चीत बसवून तिच्याकडून आजोबांचं रिटर्न, आजीचं रिटर्न आणि घराचं रिटर्न अशी तीन कामं करून घेतात. बँकेत ती दिवसभर हेच करते आणि सुट्टीला इथे येऊन परत हेच. पाहुणचाराची ही पद्धत मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेली नाही.

घराचं रिटर्न म्हणजे या सोडाल्याच्या घराचं. वाईची वडिलोपार्जित जमीन विकली गेली, तिचे पैसे आजोबांनी स्वतःचे मानले नाहीत. बदली होऊन इथे आले तेव्हा त्यात हे दुमजली घर घेतलं आणि कुटुंबाच्या नावानं पॅन काढलं. वरच्या मजल्यावर, माझी खोली सोडून बाकी भागात, डॉक्टर नवरा-बायको भाड्यानं राहतात, ते भाडं कुटुंबाचं उत्पन्न. आजोबांना याचा फार अभिमान. फॉर्म उघडला की सरकार पहिल्यांदा विचारतं, तुम्ही कोण, व्यक्ती की कुटुंब? आजोबा दरवर्षी त्या ठिकाणी थांबतात आणि म्हणतात, "बघा, आपण दोन्ही आहोत."

तर त्या दिवशी, ताटातला शेवटचा घास संपवून त्यांनी ठरलेली गोष्ट सांगावी तशी सांगितली. "कर्ता आता अभिजित."

अभिजित म्हणजे बाबा, त्यामुळे कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. मला मात्र माझाच आवाज पुन्हा ऐकू आला.

"पण मोठी तर आत्या आहे."

*

आता थोडं आत्याच्या बाजूनं. हे तिनं मला नंतर, तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं.

तिला सगळ्यात आधी राग आला, आणि तो माझा. शांत पाण्यात दगड टाकणारी मुलं तिला आवडत नाहीत. मग तिला वाटलं, अभि आता वर बघणार नाही. लहानपणी पतंगाच्या पेचात हरला की तो असाच मांजा गुंडाळत बसायचा, मान खाली घालून, आणि ती त्याला स्वतःचा पतंग देऊन टाकायची. या सोडाल्याच्याच गच्चीवर, संक्रांतीला. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा वाटीतला संपलेला आमरस चमच्यानं गोळा करत होते.

"प्रतिमा," आजोबा म्हणाले, "कायदा काय म्हणतो?"

"अप्पा, जाऊ द्या ना. वल्ली काहीही बोलते."

"मी कायदा विचारला."

आणि इथे आत्याची मला खरी कमाल वाटते. तिला खोटं बोलणं किती सोपं होतं. त्या टेबलावर दुसरं कुणालाच नीट माहीत नव्हतं. बाबा फिजिक्स शिकवतात, आई वनस्पतिशास्त्र. 'मला खात्री नाही' एवढं म्हटलं असतं तरी विषय मिटला असता. पण हिशेबाच्या बाबतीत विचारल्यावर आत्याला खोटं बोलताच येत नाही.

"वीस वर्षांपूर्वी कायदा बदलला," ती म्हणाली. "मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि जन्मापासून. लग्न झालं म्हणून जात नाही. आणि हक्कदारांत जी मोठी, ती मुलगी असली तरी कर्ता होऊ शकते, असं कोर्टानं म्हटलंय. सगळ्यांची संमती असेल तर धाकटाही होऊ शकतो. म्हणून म्हणते, अभिला करा, माझी संमती आहे."

"हक्कदार कोण कोण?"

"जन्मानं या घरात आलेले. तुम्ही, मी, अभि." ती थांबली. "आणि वल्ली."

"आणि आम्ही?" आईनं दारातून विचारलं. आम्ही म्हणजे ती आणि आजी.

"तुम्ही सभासद. तुमचा सांभाळ करणं कुटुंबावर बंधनकारक आहे. पण सून कर्ता होत नाही. माझंही सासरी तसंच आहे, मयूरी. तिकडच्या कागदावर मीही नुसती सभासद."

आईनं झारा आत्याकडे रोखला. "म्हणजे आई पन्नासच्या वर वर्षं इथे आणि मी वीस, आम्हाला मत नाही. आणि या वल्लीला, जिला परवापर्यंत दुधाचा हिशेब ठेवता येत नव्हता, हिला आहे."

"कायदा मी केला नाही," आत्या म्हणाली.

"मग पुढच्या पुऱ्या हक्कदारांनी तळाव्यात."

आजी पदरात हसली. आईचं हे असं आहे. सगळ्यांचा श्वास अडकलेला असताना ती खिडकी उघडते, पण उघडते ती स्वतःला हव्या त्या बाजूची.

आजोबांनी हात धुतले, नॅपकिन घडी करून ठेवला आणि नियम सांगितला. संमतीचा कागद ते आजच लिहिणार. पाच वाजता आत्याचे यजमान राजनकाका तिला न्यायला येतील, त्याआधी सह्या व्हायच्या. बहुमत वगैरे काही नाही. "हे घर आहे, विधानसभा नाही. हक्कदार सगळे एका नावावर आले तर त्याच नावानं. मी माझं मत देत नाही. आयुष्यभर मीच दिलं. तुम्ही तिघं जे ठरवाल त्यावर माझी सही."

"ताईनं सांगितलंच आहे," बाबा म्हणाले.

"वल्लरीनं सांगितलेलं नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वादविवादाच्या स्टेजवर दोनशे मुलं बघत होती तेव्हा मला काही झालं नव्हतं. इथे पाच माणसं होती आणि मी आत्यानं टाकलेली पुरी मोडत बसले.

*

दुपारचं काम मात्र चुकत नाही. टेबल पुसलं गेलं, लॅपटॉप आले, आणि नेहमीप्रमाणे प्रत्येकजण भिंतीला पाठ लावून आपापल्या कोपऱ्यात बसला. हा आजोबांचा जुना नियम. पगार ही जेवणाच्या टेबलावर दाखवायची वस्तू नाही. भावाला बहिणीचा पगार कळला की दोघांतला एक दबतो, असं त्यांचं मत. म्हणून रिटर्न सगळ्यांनी एकाच खोलीत भरायचं, पण स्क्रीन एकमेकांना दिसता कामा नये. बाहेरून कुणी पाहिलं तर वाटेल, चार माणसं पत्ते खेळतायत आणि पानं लॅपटॉपएवढी आहेत.

मी यंदा बाबांची मदतनीस होते. नवी करपद्धत घ्यायची की जुनीच ठेवायची, हे मी त्यांना काढून देणार होते. नव्यात दर कमी, पण सवलती जवळजवळ नाहीत. जुन्यात दर जास्त, पण घराचं कर्ज, भविष्य निर्वाह निधी, आईवडिलांच्या औषधपाण्याचा खर्च, असं एकेक वजा होत जातं. मॅम म्हणतात, आधी सगळ्या सवलती मांडा, मग पद्धत निवडा. लोक उलटं करतात.

बाबा बोलत नव्हते. मी विचारेन तेवढंच सांगत होते.

"आयुर्विम्याचा हप्ता झाला. पीएफ झाला. बाबा, आजीआजोबांच्या औषधांचं किती?"

"ते राहू दे."

"राहू दे कसं? त्यांचा आरोग्य विमा नाही, दोघांचं वय झालंय, मतलब खर्च थेट वजा होतो. तुम्ही दर महिन्याला औषधवाल्या भैयाला फोनवरून पैसे पाठवता, मी पाहिलंय. गेल्या वर्षी काय लिहिलं होतं?"

"काही नाही. ते ताई घेते." त्यांनी आवाज खाली आणला. "ती तिच्या संसारातून आईसाठी अर्धा खर्च करते वल्ली. सासरी कुणाला बोलत नाही. निदान सवलत तरी तिला मिळू दे. आपण तिथे हात घालायचा नाही."

इथून पुढचं आम्हा सगळ्यांना आता पाठ आहे, कारण नंतर ते घरात शंभरदा सांगितलं गेलं. मी मान वर केली आणि खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या आत्याला विचारलं, "आत्या, आजीच्या औषधांची सवलत तू घेतेस ना?"

आत्यानं चष्मा वर केला. "मी? छे. ते अभिचं."

"बाबांचं?"

"आईवडील मुलाच्या रिटर्नवर असतात गं. मी लग्न होऊन गेलेली, मी कशी त्यांना माझ्या नावावर लिहू? अभिला काय वाटेल? मी कधी हात लावला नाही तिथे."

बाबांनी लॅपटॉपवरून वर पाहिलं. आत्यानं पाहिलं. मधे आजोबांचा लॅपटॉप उघडा होता, आणि त्यामागे आजोबा, ज्यांच्या नियमामुळे या दोघांनी एकमेकांची स्क्रीन आयुष्यात कधी पाहिली नव्हती.

"तुम्ही दोघंही घेऊ शकता," मी म्हणाले. "ज्यानं जेवढा खर्च केला, तेवढं त्याला. भांडायचंच नाहीये यात. दोघांच्याही ओळी रिकाम्या आहेत."

"किती वर्षांपासून?" आजोबांनी विचारलं.

आजी सोफ्यावर वाती वळत होती. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या गुडघ्याचा सरकारला पत्ताच नाही होय?"

पहिल्यांदा आई हसली, मग आत्या, आणि आत्याचं हसणं मधेच वेगळं झालं. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. एवढी बँकेची अधिकारी. शेकडो माणसांना तिनं सांगितलं असेल, ही सवलत सोडू नका. आणि स्वतःच्या आईच्या नावापुढची जागा तिनं भावासाठी झाडून, पुसून, रिकामी ठेवली होती. भावानं तीच जागा तिच्यासाठी. मला दोघांचाही इतका अभिमान वाटला, आणि दोघांनाही गदागदा हलवावंसं वाटलं.

*

बाबा गच्चीवर गेले. मी पाठोपाठ गेले. आभाळ भरून आलं होतं, पण जयपूरचं आभाळ भरतं आणि तसंच निघून जातं, त्यामुळे कुणी दोरीवरचे कपडे काढले नव्हते. सिव्हिल लाइन्सच्या बाजूनं गाडीची शिट्टी आली. बाबा चादरीच्या आड उभे होते, वर्गात उत्तर न आलेल्या मुलासारखे.

"तुम्हाला वाईट वाटलं," मी म्हणाले.

"हो."

मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. बाबा नेहमी नाही म्हणतात. पाय मुरगळला तरी नाही.

"मला माहिती आहे ताई मोठी आहे," ते म्हणाले. "मला मोजता येतं. पण लहानपणापासून एकच ऐकलंय, हे घर तुला सांभाळायचंय. म्हणून दिल्लीची नोकरी आली तेव्हा गेलो नाही. पुण्याची आली, नाही गेलो. ताई लग्न करून राजा पार्कला गेली आणि मी इथे थांबलो. थांबणं हेच माझं काम होतं. आज जेवताना कळलं की त्या कामाला नावसुद्धा नव्हतं. जे नाव आहे ते कायद्यानं तिचं आहे."

स्टेजवर समोरच्याचा मुद्दा खोडायचा असतो. बाबांचा मुद्दा खोडण्यासारखा नव्हताच, तो खरा होता.

"मग मी तुमच्या नावावर सही करू?"

बाबा दोरीवरचा चिमटा उघडत-मिटत राहिले. हा माणूस मुलांना पेपर परत देताना एकेका मार्काचं कारण लिहितो. मला माहिती होतं, आता तो स्वतःला मार्क देत होता.

"मला वाईट वाटणं हा काही मुद्दा होत नाही वल्ली," ते शेवटी म्हणाले. "तू मला वाईट वाटेल म्हणून सही केलीस तर ती सही माझ्या काय कामाची? तुला जे बरोबर वाटेल ते कर. फक्त सगळ्यांसमोर सांगू नकोस. आधी मला आणि आईला सांग. मला चेहरा नीट करायला दोन मिनिटं लागतात."

मी खाली आले तेव्हा जिन्यात आजी भेटली. तिनं माझा दंड धरला. "अभिच्या नावावर करून टाक बाळा. प्रतिमाच्या सासरी काय वाटेल? माहेरची इस्टेट सांभाळते म्हणतील."

"राजनकाका असं म्हणतील?"

आजीनं विचार केला. "राजन नाही म्हणणार. तो विचारेल, घेवर उरलाय का."

"मग कोण म्हणेल?"

आजीनं दंड सोडला, आणि मग अगदी हळू म्हणाली, "मलाच तशी सवय आहे गं म्हणायची."

आणि ती वर निघून गेली, एकेक पायरी धरत. सरकारला पत्ता नसलेल्या त्या गुडघ्यांनी.

*

आत्या माझ्या खोलीत पडली होती, उशाला फोन, डोळे उघडे. मी शेजारी बसले.

"आत्या, तुला कर्ता व्हायचंय का?"

"मी सांगितलं ना, अभिला करा."

"ते संमती आहे का ते सांगितलंस. हवंय का ते नाही सांगितलंस."

"वकील होणारेस का तू?"

"मी साधा प्रश्न विचारतेय."

खाली आई कपबश्या लावत असल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, ही आता पुरीसारखं काहीतरी माझ्या तोंडात कोंबणार. पण ती उठून बसली, आणि मी कधी ऐकला नव्हता असा तिचा आवाज आला, जरा लहान मुलीसारखा.

"मला हे आजपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. घराचं रिटर्न मी भरते, भाडेकरूंशी मी बोलते, गळतीला मिस्त्री मी पाठवते. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतं, प्रतिमाचे फार उपकार. वल्ली, आपल्याच घरात आपले उपकार होतात, हे कसं वाटतं तुला कळणार नाही. कधी कळू पण नये." तिनं केस मागे घेतले. "हवंय. मला हवंय. एकदा तरी त्या फॉर्मवर माझं नाव मी पाहुणी म्हणून नाही, घरची म्हणून लिहावं असं वाटतं."

"मग सांग ना खाली."

"नाही. आणि हे तू कुणाला सांगायचं नाहीस. अभिला तर नाहीच. मी मागितलं म्हणून त्यानं दिलं, असं मला नको. तो थांबला म्हणून मी जाऊ शकले, हे मला माहिती आहे. त्याच्या हातातून काढून घेतलेलं मला लाभणार नाही."

"मग ते तुझ्यासाठी सोडणार, तू त्यांच्यासाठी सोडणार, आणि ओळ रिकामीच राहणार."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. माझ्या कपाळावरची बट तिनं कानामागे सारली आणि म्हणाली, "चहा झाला का बघ."

*

साडेचार वाजले होते. आजोबा दिवाणखान्यात कागद लिहून बसले होते, नावाची जागा तेवढी कोरी. शाईचं पेन, त्याचं टोपण काढलेलं. आजी त्यांच्या शेजारी होती. आत्या अजून वर होती.

मी स्वयंपाकघरात गेले. आई चहा गाळत होती, बाबा ओट्याला टेकून उभे होते, आणि दोघं काहीतरी बोलता बोलता थांबले. आईच्या डोळ्यांवरून मला कळलं, की बाबांनी तिला गच्चीवरचं सगळं सांगितलंय. पुऱ्या तळून दमलेला तिचा हात बाबांच्या हातावर होता. ती एवढंच म्हणाली, "मला मत नाहीये, पण कान आहेत. बोल."

मी दार लोटलं. स्टेजवरच्यासारखं इथे कुणाविरुद्ध जिंकायचं नव्हतं. समोर माझे बाबा होते, जे माझ्या जन्माआधीपासून या घरासाठी थांबले होते, आणि त्यांना जे सांगायचं होतं ते मला कुणाच्याही नावाआड न लपता सांगायचं होतं.

"बाबा, तुम्ही थांबलात ते मला माहिती आहे. तुम्ही थांबला नसतात तर आजीआजोबा एकटे असते. त्याला कुठल्या फॉर्ममध्ये जागा नाही, हे फॉर्मचं चुकलंय, तुमचं नाही. पण औषधांच्या ओळीत काय झालं ते तुम्ही पाहिलंत. तुम्ही दोघं एकमेकांसाठी इतकं सोडता की शेवटी ते कुणालाच मिळत नाही. मी सहीमध्ये ते होऊ देणार नाही."

चेहरा नीट करायला त्यांना दोन मिनिटं लागतात, म्हणून मी थांबले. आईनं गाळणी खाली ठेवली.

"माझं ठरलंय," मी म्हणाले. "तुमच्या नावाच्या कागदावर मी सही करणार नाही. मी फक्त आत्याच्या नावावर करणार. आणि हे आत्याला मी सांगणार नाही. तिचा चहा घेऊन तुम्ही वर जायचं, आणि हवंय का, ते तुम्ही तिला विचारायचं."